मोहाची धार

मोहाचं फूल झाडावरून तोडावं लागत नाही. ते आपणहून गळतं, आणि गळतं ते रात्र सरता सरता, पहाटेच्या गारव्यात. परतवाडा मागे टाकून मेळघाटात शिरलं, घटांग, सेमाडोह, हरिसालच्या रस्त्याला लागलं की मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात उजाडायच्या आधीपासून झाडाझाडाखाली टोपल्या दिसू लागतात. बाया, पोरं, म्हातारी माणसं ओणवी होऊन फुलं वेचत असतात. फूल फिकट पिवळं, गुबगुबीत, बोटाच्या पेराएवढं; दाबलं की बोटं चिकट होतात. वास गोड, उग्र आणि किंचित आंबूस, एकदा ओळखीचा झाला की विसरणं नाही. ऊन तापायच्या आत वेचणी उरकावी लागते, नाहीतर फुलं मऊ पडतात, मुंग्या लागतात. अस्वलालाही हे फूल फार आवडतं, म्हणून अंधारात एकटंदुकटं कुणी जात नाही.

मोह हा चिकूच्या कुळातला वृक्ष. फुलं यायला दहाएक वर्षं लागतात, पण एकदा यायला लागली की पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात. रात्री वटवाघळं या फुलांवर येतात आणि परागणाचं काम करून जातात. फुलांनंतर येणाऱ्या टोळांच्या, म्हणजे मोहाच्या फळांच्या, बियांतून तेल निघतं. त्यामुळे मेळघाटातल्या घराला मोहाचं एक झाड म्हणजे खाणं, तेल, औषध, बाजारातली चार पैशांची सोय आणि देवाच्या पुढे ठेवायची धार, असं सगळं एकाच बुंध्याला बांधलेलं असतं. जंगलातल्या झाडांवरही घराघराचा वहिवाटीचा हक्क असतो आणि गावात तो सगळ्यांना ठाऊक असतो.

वेचलेली फुलं शेणानं सारवलेल्या अंगणात पसरतात. तीन-चार दिवसांच्या उन्हात ती मनुकेसारखी आक्रसून तांबूस-तपकिरी होतात. ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून किलोभर सुका मोह हाती यायला चार-पाच किलो ओला मोह वेचावा लागतो. सुक्या फुलाचं निम्म्याहून अधिक वजन साखरेचं असतं. ही साखर माणसानं घातलेली नाही, झाडानं दिलेली आहे, आणि पुढची सगळी गोष्ट या साखरेवर उभी आहे.

आता दारू. सुकी फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, थंडीत आठवडा आणि वरही जातो. आंबवण्यासाठी लागणारं यीस्ट फुलावरच असतं, हवेत असतं, मडक्याच्या अंगात मुरलेलं असतं. ते कुठून विकत आणावं लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मडक्याला कान लावला तर आत बुडबुड्यांची कुजबुज ऐकू येते. फेस वर चढतो, मग हळूहळू बसतो, फुलं तळाला जातात. याला सडवा म्हणतात. सडवा चुलीवर चढवतात. त्यावर दुसरं भांडं, त्याच्या आत धार झेलायला एक लहान मडकं, आणि सगळ्यात वर गार पाण्यानं भरलेलं पातेलं. सांधे ओल्या मातीनं लिंपून घेतात. खालून वाफ उठते, वरच्या गार बुडाला लागते, थेंब होऊन आतल्या मडक्यात पडते. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं. ते किती वेळा बदललं यावर आतली दारू कडक की सौम्य हे ठरतं, कारण जितका वेळ ऊर्ध्वपातन चालू राहतं तितका पाण्याचा अंश वाढत जातो. पहिल्या धारेचा थेंब विस्तवावर टाकून पाहतात. भपकन पेटला तर माल उतरला.

फूल, पाणी, मडकं, विस्तव. यादी इथे संपते. रंग नाही, साखर नाही, बाहेरचं यीस्ट नाही, गाळणयंत्र नाही, लाकडाच्या पिपात मुरवणं नाही. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या बोलीत या दारूला सिडू म्हणतात. जन्माला, लग्नाला, मयताला, फगव्याला आणि मेघनाथाच्या जेरीला ती लागते. भुमका, म्हणजे गावचा पुजारी, देवापुढे तिचे चार थेंब जमिनीवर सोडतो, त्यानंतर माणसं पितात.

असं काही न मिसळता, लाकडाचा आधार न घेता केलेल्या पेयाला जगात सध्या मोठा मान आहे. हा मान कसा आला आणि मेळघाटच्या वाट्याला तो का आला नाही, हे समजून घ्यायला स्पेनपर्यंत जावं लागतं.

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथलं मुख्य काळं द्राक्ष तेम्प्रानियो, इतर जातींच्या आधी पिकणारं. तिथल्या तांबड्या वाइनची प्रतवारी ती ओकच्या पिपात किती राहिली यावरून करण्याची रीत आहे. क्रियांसा दोन वर्षांची, त्यातलं किमान एक वर्ष पिपात. रेसेर्वा तीन वर्षांची. ग्रान रेसेर्वा पाच वर्षांची, त्यातली दोन पिपात. पिंप २२५ लिटरचं. आणि जिला पिंप लागलंच नाही ती होवेन, म्हणजे तरुण. दुकानाच्या फळीवर होवेन कायम खालच्या रांगेत राहिली. लाकडात जितकी वर्षं जास्त, तितकी वाइन थोर, असा समज शंभर-सव्वाशे वर्षांत पक्का झाला.

पण लाकूड ही रिओहाची मूळची गोष्ट नव्हे. तिथला शेतकरी पूर्वी द्राक्षांचे अख्खे घड दगडी हौदात टाकायचा, ते आतल्या आत आंबायचे, मग पायांनी तुडवून रस काढायचा आणि पुढच्या वसंतात ती वाइन गावात संपायची. रिओहा आलावेसा भागात आजही काही घरं तशीच वाइन करतात. ओकची पिपं आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फ्रान्समधल्या बोर्दोची पद्धत उचलून. मग फ्रान्सच्या द्राक्षबागांना फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं ग्रासलं. १८६० नंतर ती पसरत गेली आणि बागाच्या बागा वाळल्या. फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात डोंगर ओलांडून रिओहात, आरो गावाच्या रेल्वे स्टेशनाभोवती येऊन बसले. त्यांच्या चवीची वाइन करायची तर त्यांची पिपं हवीत. अशी लाकडाची सवय लागली.

याच किडीचा धक्का आपल्याकडेही पोचला होता. फ्रान्समध्ये दारू गाळायला कच्चा माल कमी पडला, तेव्हा मुंबई बंदरातून मोहाची सुकी फुलं जहाजानं फ्रान्सला जाऊ लागली. तिथे त्यांच्यापासून मद्य गाळलं गेलं. मला या गोष्टीचं फार महत्त्व वाटतं. फ्रेंच माणसाला ज्या फुलात व्यापारी माल दिसला, त्याच फुलावर त्याच काळात इथलं इंग्रज सरकार पहारे बसवत होतं. १८७८ मध्ये मुंबईचा अबकारी कायदा आला. दारू गाळण्याचा हक्क घराघरातून काढून मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेला. मुंबई इलाख्यात उरण हे या धंद्याचं मोठं केंद्र होतं. तिथल्या भट्ट्या, त्यांतल्या बऱ्याच पारशी मालकांच्या, मोहाचीच दारू गाळायच्या. म्हणजे मोहाची दारू वाईट म्हणून बंद झाली नाही. ती कर भरून, मक्त्यावर, मोठ्या भट्टीत गाळली तर चालत होती. आदिवासीनं स्वतःच्या चुलीवर गाळली तर गुन्हा ठरत होता. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात फुलं वेचून साठवण्यावरही बंधनं आली. फुलाला गुन्ह्याचा मुद्देमाल करणारा कायदा दुसऱ्या कुठल्या देशात झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

वऱ्हाडचा रस्ता थोडा वेगळा. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, पुढे तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा झाला तेव्हा अमरावती-अकोला त्या राज्यात नव्हतेच. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे तो कायदा इथेही लागू झाला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावरही कायम राहिला. आज धारणीच्या एखाद्या पाड्यावर चार मडकी सडवा सापडला तर याच कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल होतो. दुसऱ्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या पेपरात बातमी येते: इतके लिटर मोह सडवा नष्ट, इतक्या रुपयांचा मुद्देमाल जप्त. त्या बातमीत हातभट्टीवाला आणि देवाला धार सोडणारा कोरकू यांच्यात काही फरक केलेला नसतो.

हा फरक करायलाच हवा. शहरांच्या कडेला, नाल्यांच्या काठी चालणाऱ्या हातभट्टीत काळा गूळ असतो, लवकर आंबावं म्हणून नवसागर असतो. तिथे फुलाचा पत्ता नसतो. याहून भयंकर प्रकार म्हणजे उद्योगांसाठीचा मिथेनॉल मिसळून विकली जाणारी दारू. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती अशाच विषानं. त्या मृत्यूंचा आणि मडक्यात आंबलेल्या फुलाचा काही संबंध नाही. तरी कुठे विषारी दारूची घटना घडली की धाडी मेळघाटच्या पाड्यांवरही पडतात.

स्पेनमध्ये मधल्या काळात काय झालं तेही सांगायला हवं. गेल्या तीसएक वर्षांत तिथल्या आणि फ्रान्स-इटलीतल्या काही शेतकऱ्यांनी विचारायला सुरुवात केली की वाइनमध्ये इतकं सगळं घालतो कशाला. पाकिटातलं यीस्ट, गंधकाचा डायऑक्साइड, आम्ल, गाळण्या, ओकच्या पिपाचा खर्च वाचवायला ओकचे तुकडे. त्यांनी हे एकेक काढून टाकलं. युरोपात तांबड्या कोरड्या वाइनमध्ये लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालतं. फ्रान्समध्ये २०२० मध्ये नैसर्गिक वाइनची जी खूण ठरली तिच्यात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. स्पेनमध्ये मातीचे जुने रांजण, तिनाहा, पुन्हा वापरात आले. ला मांचाच्या पठारावर विल्यारोब्लेदो हे गाव असे माणसाहून उंच रांजण घडवण्यासाठी प्रसिद्ध होतं. बालेन्सिया प्रांतातल्या मोइशेंत गावी सेयेर देल रौरे या वाइनरीत जमिनीत पुरलेल्या जुन्या रांजणांत आज वाइन होते. जॉर्जियात मातीत पुरलेल्या क्वेव्री रांजणांतून वाइन करण्याची रीत तर २०१३ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली.

अशा वाइनची चव समजायला एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. ओक वाइनला व्हॅनिलाचा, धुराचा, मसाल्याचा वास देतं, तुरटपणा देतं आणि पिपाच्या फटींतून हळूहळू हवा आत सोडून तिला मऊ करतं. ते बरेच दोष झाकतंही. ओक काढून घेतलं की द्राक्ष उघडं पडतं. ते चांगलं असेल तर जांभूळ, आलुबुखार, ओल्या मातीचा वास थेट येतो. द्राक्ष सडकं असेल किंवा भांडं अस्वच्छ असेल तर तेही थेट येतं. म्हणून काही न घालता वाइन करणं हे आळशाचं काम नाही. वेचणीपासून भांडी घासण्यापर्यंत प्रत्येक पायरीला डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं.

मोहाचं अगदी हेच आहे. जमिनीवरचा कचरा फुलात आला, वाळवताना अवकाळी पाऊस झाला, पोत्यात बुरशी धरली, सडवा एक दिवस जास्त राहून आंबट झाला, जाळ मोठा झाल्यामुळे तळ करपला, तर ते धारेत उतरतंच. चांगल्या, ताज्या वाळवलेल्या फुलाची, मंद जाळावरची धार मात्र फुलाच्याच वासाची असते, मागे गोडसर, थोडी धुरकट. मडक्याला कान लावून वेळ ओळखणाऱ्या कोरकू बाईकडे जे ज्ञान आहे, त्याला रिओहात कारागिरी म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. वाइन ही आंबवलेली, बारा-चौदा टक्क्यांची. मोहाची दारू गाळलेली, त्यामुळे बरीच कडक. तेवढा फरक आहेच. पण कसब एकाच जातीचं आहे.

आपल्या राज्याला हे कसब ओळखता येत नाही असंही नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. नाशिकचं नाव जगात गेलं. दिंडोरीच्या बाजूला तर तेम्प्रानियोचीही लागवड झाली आणि स्पेनच्या त्या द्राक्षाची वाइन आपल्या मातीत तयार झाली. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या फळाची गोष्ट आहे, असा युक्तिवाद जाहीरपणे झाला. विरोध झाला, निर्णय मागे पडला. पण तो युक्तिवाद मला विसरता येत नाही. फळाची गोष्ट म्हणून द्राक्षाला जे दिलं, ते फुलाची गोष्ट म्हणून मोहाला का नाही?

थोडं दिलंही आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं वेचणं, साठवणं आणि त्यांची ने-आण करणं यांवरचे निर्बंध उठवले. हा फार चांगला निर्णय होता आणि फार उशिरा झाला. तोवर अमुक किलोच्या वर फुलं घरात असली तर आदिवासी माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडू शकत होता. त्याचा फायदा व्यापाऱ्यानं उचलला. हंगामात फुलं मातीमोल भावानं घ्यायची, साठवायची आणि पावसाळ्यात तीच फुलं तिप्पट-चौपट भावानं त्याच गावांत परत विकायची, हा प्रकार मध्य भारतातल्या सगळ्या मोहाच्या पट्ट्यात चालत आला आहे. एप्रिल २०२२ मध्ये आणखी एक निर्णय झाला: काजूबोंडं आणि मोहफुलं यांपासून केलेल्या मद्याला देशी दारूऐवजी विदेशी मद्याच्या वर्गात घालायचं. हेतू असा की देशीच्या शिक्क्यानं त्याला चांगलं गिऱ्हाईक आणि भाव मिळत नाही. हेतू रास्त आहे. पण या निर्णयाचा लाभ भांडवल, परवाना आणि बाटलीबंद करण्याचा कारखाना असलेल्यालाच होतो. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीनं २०२४ मध्ये सिक्स ब्रदर्स या नावानं मोहाची दारू उंची बाटलीत आणली. त्याआधी २०१८ मध्ये गोव्यात डीजे महुआ आली होती. या दोघांनी मोहाला इज्जत मिळवून दिली, याचा मला आनंद आहे. पण चिखलदऱ्याच्या कोरकूला त्यातून फूल विकण्यापलीकडे काही मिळत नाही. गाळण्याची विद्या त्याची, परवाना दुसऱ्याचा.

शेजारी पाहा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. डोंगरात लहान भाटी लावणारा माणूस तिथे परवाना घेऊन उजळ माथ्यानं बसतो. मध्य प्रदेश तर धारणीला लागूनच आहे. तिथे अनुसूचित जमातींना घरच्या वापरासाठी ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळायला कायद्यानं मुभा आहे. शिवाय अलीकडे तिथल्या सरकारनं वारसा मद्याचं धोरण आणलं आणि अलिराजपूर व डिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांना मोहाची दारू बाटलीबंद करून विकायला उभं केलं. बुऱ्हाणपूर, खंडवा, बैतूलमधला कोरकू आणि धारणीतला कोरकू एकच. त्यांच्यात सोयरीक होते, देव एक, बोली एक. लग्नात इकडच्या मांडवात धार काढली तर गुन्हा आणि तिकडच्या मांडवात काढली तर रीत, असं होतं, कारण मध्ये राज्याची सीमा आहे.

अकोल्याची कथा याहून कठीण. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पुढे गाभ्यातली गावं हलवण्याचं ठरलं. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड अशी गावं सातपुड्यातून उतरवून अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या बाजूला सपाटीवर आणली गेली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांतली बरीच माणसं, कबूल केलेल्या सोयी आणि जमीन मिळाली नाही म्हणून पुन्हा जंगलात गेली, आणि तिथे वन विभाग-पोलिसांशी चकमक झाली. मोबदल्याच्या हिशेबात घर मोजलं गेलं, वावर मोजलं गेलं. ज्या झाडाखाली आजी, आई आणि लेक वेचत आल्या, ते मोहाचं झाड घराच्या उतरंडीतलं किती मोठं धन होतं, याचा हिशेब रोख रकमेत कसा करणार? खाली कपाशी-सोयाबीनच्या सपाटीवर तो मोह नाही. फुलं विकत घ्यावी लागतात.

आणि एक कायद्याची बाब, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं अनुसूचित क्षेत्र आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानं अशा क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा, त्याचं नियमन करण्याचा किंवा त्यावर निर्बंध आणण्याचा अधिकार दिला आहे. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणजे तोच कोरकू डोंगरावर होता तेव्हा त्याच्या ग्रामसभेला हा अधिकार होता, आणि घाट उतरून अकोटला आला तेव्हा तो मागेच राहिला. गाव हलवताना झाडाबरोबर हक्कही हलला नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. दारूनं मेळघाटात घरं मोडली आहेत. मजुरीचे पैसे बाटलीत गेले, बायकांनी मार खाल्ला, पोरं उपाशी निजली. १९९३ पासून मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्यांनी महाराष्ट्र हलला, आणि ज्या घरात खायला नाही तिथे दारूचे गोडवे गाणारा लेख लिहिणं हा गुन्हाच ठरेल. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, त्यातही बायकांच्या चळवळीनं. त्या बायकांचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायका महाराष्ट्रभर आहेत आणि त्यांच्या बाजूला उभं राहणं हे माझं कर्तव्य आहे असं मी मानतो.

पण यातली कुठली दारू घर मोडते? देवाच्या, लग्नाच्या, मयताच्या निमित्तानं गाळलेल्या मोहाला हंगाम होता, मोजमाप होतं, गावाची नजर होती. रोज संध्याकाळी मिळणारी दारू वेगळी. ती देशीच्या परवानाधारक दुकानातून येते, पिशवीतून येते, उधारीवर येते. घरच्या धारेला बेकायदा ठरवलं तेव्हा पिणं थांबलं नाही. पिणाऱ्याचे पैसे गावाबाहेर जाऊ लागले आणि पिण्यावरचा गावाचा ताबा सुटला. बंदी करायची तर तो निर्णय ग्रामसभेतल्या बायकांनी करावा, आणि मुभा द्यायची तर तोही त्यांनीच करावा.

ग्रामसभा हे करू शकते याचा पुरावा मेळघाटच्या पायथ्यालाच आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. गावानं उजाड टेकडी राखली, झाडं लावली, सीताफळाचा व्यापार मधल्या दलालाच्या हातून काढून ग्रामसभेच्या हाती घेतला, मालाची प्रतवारी करून तो शहरात विकला. २०१४ मध्ये त्यांना भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. सीताफळाची प्रत, वजन आणि हिशेब सांभाळणारी ग्रामसभा मोहाच्या मडक्याचाही हिशेब सांभाळेल, याबद्दल मला शंका नाही.

कामाची सुरुवात फुलापासून करावी लागेल. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याच्या सवयीनं दरवर्षी वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर आग लावावी लागत नाही आणि फूल मातीलाही लागत नाही. ते स्वच्छ मिळतं, त्याला भाव जास्त येतो. मग वाळवायला छप्पर, साठवायला कोरडं कोठार, म्हणजे हंगामात पडत्या भावानं विकण्याची सक्ती उरत नाही. सगळं फूल दारूलाच गेलं पाहिजे असंही नाही. मोहाची भाकर, भाजलेला मोह, मोहाचे लाडू हे मेळघाटचं जुनं खाणं आहे आणि टंचाईच्या दिवसांत याच खाण्यानं माणसं तगली.

उरला दारूचा प्रश्न, तर सरकारनं तीन गोष्टी कराव्यात असं माझं म्हणणं आहे. धारणी-चिखलदऱ्यातल्या, आणि तिथून उठवून अकोटकडे आणलेल्या कोरकू गावांतल्या घरांना, मध्य प्रदेशात आहे तशी घरगुती वापराची मर्यादित मुभा द्यावी. ज्या ग्रामसभेच्या बायका संमती देतील तिथे गावाच्या मालकीच्या लहान भट्टीला परवाना द्यावा, मालाची तपासणी अन्न व औषध प्रशासनानं करावी आणि बाटलीवर गावाचं नाव व हंगामाचं वर्ष छापावं. आणि कलम ६५ च्या कारवाईत नवसागराची हातभट्टी आणि फुलाचं मडकं हे वेगळे गुन्हे आहेत, किंबहुना दुसरा गुन्हाच नव्हे, असं स्पष्ट लिहावं.

यासाठी नवा कर लागत नाही, नवं महामंडळ लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं एका बैठकीत मोहाच्या बाटलीचा वर्ग बदलला होता. तशाच एका बैठकीत मोहाच्या मडक्यालाही न्याय देता येईल. अमरावती आणि अकोल्याच्या आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा, आणि या अंकाच्या वाचकांनी त्यांना तसं पत्र लिहावं.